आधीचे माप

जव्हारच्या शिरपामाळावर उभे राहिले की 1664 साल आठवते. सुरतेच्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांना मानाचा शिरपेच दिला, म्हणून हा शिरपामाळ, असे इथले लोक सांगतात. पण पायाखालचा काळा दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जव्हार-मोखाड्यातला हा दगड झिजतो, त्याची माती पावसाळ्यात पिंजाळ, वैतरणेच्या गढूळ पाण्यातून अरबी समुद्रात जाते आणि तळाशी थरावर थर साचतो.

समुद्रातले आयोडीन शेवाळ आणि सूक्ष्मजीव शोषून घेतात. हे जीव मेले की ते आयोडीनही त्याच गाळात उतरते. आपल्या मिठातले आयोडीन स्थिर असते. त्याचे किरणोत्सारी भावंड आयोडीन-129 निम्मे व्हायला 1 कोटी 57 लाख वर्षे लागतात. वैश्विक किरण आणि युरेनियमचे आपोआप होणारे विखंडन यांतून ते निसर्गातही तयार होते, पण किती? दहा लाख कोटी स्थिर अणूंमागे सुमारे पंधरा. अणुचाचण्या आणि जळालेल्या अणुइंधनावरची पुनर्प्रक्रिया यांनी यात भर घातली. युरोपच्या काही समुद्रांत हे प्रमाण हजारो पटींनी वाढले.

ते मोजायचे कसे? समुद्रतळात नळी खुपसून गाळाचा उभा स्तंभ काढतात, त्याच्या पातळ चकत्या करतात. चकती वाळवून तापवली की आयोडीन बाहेर पडते. ते चांदीशी जोडले की चिमूटभर पिवळसर पूड उरते, आणि कणत्वरकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, तिच्यातले अणू मोजले जातात. वरच्या थरांत माणसाची भर सापडते, खोलवर निसर्गाचा मूळ हिशेब.

माझ्या लेखी सगळे मोल त्या खालच्या चकतीला आहे. मूळ किती होते हे ठाऊक नसेल, तर आपण किती घातले हे कशावरून सांगणार? आमच्याच पालघर जिल्ह्यात तारापूरची अणुवीज 1969 पासून सुरू आहे. तिच्याविषयी कुणाला अभिमान वाटतो, कुणाला धास्ती. दोघांनाही आकडा हवा, आणि तो दोघांना वाचता येईल अशा मराठीत हवा. मासळी विकणाऱ्या बाईला आपल्या समुद्राचा हिशेब विचारण्याचा हक्क आहे. म्हणून किनाऱ्यावर कोणताही मोठा प्रकल्प उभा राहण्याआधी तिथला गाळ मोजा, आणि ते माप गावाच्या चावडीवर लावा.