एकाच बेटावरचे दोघे

सावकाश वाचा. पुढे जायची घाई नाही.

मादागास्करच्या पूर्वेकडचं ओलं जंगल मनात आणा. उंच खोडाला बिलगून बसलेला इंद्री पाहा: काळापांढरा, जवळपास बिनशेपटीचा, लेमूरांमधला थोराड. त्याच्या पंजाकडे नीट पाहा. बोटं आहेत, अंगठा आहे. आता स्वतःचा तळहात पाहा.

मग जंगलाबाहेर या. झुडपांच्या आडोशाने मादागास्करचा तित्तर दाणे टिपतोय. त्यालाही थोडा वेळ द्या.

प्राण्यांच्या वर्गीकरणात दोघांची सृष्टी एक, संघ एक. पाठीला कणा दोघांनाही. वर्गापाशी मात्र वाट फुटते. एक सस्तन, दुसरा पक्षी. हा फाटा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. इथे रेंगाळा. इंद्रीच्या वाटेवर आपणही आहोत, गणसुद्धा तोच. तित्तराच्या वाटेवर लावा, कोंबडी, मोर. आणि बरंच मागे गेलं तर मगर. (मला हा मगरीचा शेजार फार आवडतो.)

आता लाल यादी, म्हणजे कोणती जात किती धोक्यात आहे याची नोंद. तित्तर ‘किमान चिंता’ या गटात. इंद्री ‘अतिसंकटग्रस्त’. २०२० साली लेमूरांच्या १०७ जातींपैकी १०३ धोक्यात असल्याचं जाहीर झालं, त्यांतल्या ३३ इंद्रीच्याच गटात. आकडा वाचून लगेच पुढे सरकू नका.

मादागास्करमधला एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. डोंगरउतारावरचं जंगल तोडून, जाळून तो भात पेरतो. या शेतीला तिथे तावी म्हणतात. त्याला खलनायक करू नका. घरात खाणारी तोंडं आहेत. जमीन दमली की तिथे गवत आणि झुडपं माजतात. तित्तराला हे चालतं. शिकार त्याचीही होते, पण मादी एका वेळी बरीच अंडी घालते. इंद्रीच्या मादीला दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू होतं, आणि प्राणिसंग्रहालयात तर इंद्री तगतच नाही. पिंजऱ्यात सांभाळून पुढे कधीतरी सोडू, हा मार्गही त्याच्यापुरता बंद आहे.

तिथले लोक त्याला बाबाकोटो म्हणतात, पूर्वज मानतात. त्याला मारणं निषिद्ध. या बंधनाला ते फादी म्हणतात. अलीकडे काही भागांत ते सैलावलंय. पण जिथे ते कसोशीने पाळलं जातं, तिथेही मनाई इंद्रीला मारण्याची आहे. तो ज्या झाडाची पानं खातो, त्यावर कुऱ्हाड चालवायला कुणाची आडकाठी नसते.