शेवटचा आकडा धरला की सोडला?

उठा, चौघेही उठा. आकड्यांच्या रेंजची लायब्ररी लिहायला सांगितली होती, हे काय आणलंत? एका फंक्शनमध्ये १ ते १० म्हणजे दहा आकडे, दुसऱ्यात नऊच! एकाने शेवटचा आकडा धरला, दुसऱ्याने सोडला, आणि एकमेकांना विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

नवापूरचं स्टेशन पाहिलंय ना? थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत. समजा फलाटाच्या फरश्यांना शून्यापासून नंबर दिले आणि ३०० नंबरच्या फरशीपासून गुजरात लागलं. तुमच्या कोडने ती फरशी दोन्ही राज्यांना वाटली. सुरुवात धरा, शेवट सोडा: महाराष्ट्र ० ते ३००, गुजरात ३०० ते ८००. फरशी एकाचीच, आणि लांबी साध्या वजाबाकीने मिळते.

हे मी आज शोधलेलं नाही. झेरॉक्सच्या पार्क केंद्रातल्या मेसा भाषेत रेंजची सुरुवात आणि शेवट धरायच्या किंवा सोडायच्या चारही पद्धती होत्या. सुरुवात धरून शेवट सोडायची पद्धत वगळता बाकीच्या तीन पद्धतींनी इतक्या चुका होत गेल्या की त्या वापरू नका असं सांगायची पाळी आली. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात हे लिहून ठेवलंय. मात्र शेवट सोडायच्या पद्धतीत ३२ बिटांचा सर्वांत मोठा चिन्हांकित (साइन्ड) आकडा, २१४७४८३६४७, रेंजमध्ये घेता येत नाही, कारण त्याच्या पुढचा आकडा तिथे मावतच नाही. ही अडचण घेऊन कुणी आलं असतं, तर मी पाठ थोपटली असती!

आणि तुलना? ती वाचून डोकंच फिरलं. दोन रेंज एकमेकींवर चढल्या की ‘समान’, असं ठरवून थेट सॉर्टला दिलंत. १ ते ५ आणि ४ ते ८ समान, ४ ते ८ आणि ७ ते १० समान. मग १ ते ५ ही ७ ते १० च्या आधी कशी? सॉर्टने लावायचं कसं? जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधले तेरा संबंध मांडले. तुम्ही सगळे लहान, मोठा, समान या तिनांत कोंबलेत. क्रम हवा तर आधी सुरुवात बघा, ती सारखी असेल तर शेवट. एकमेकींवर चढतात का, हे वेगळ्या फंक्शनला विचारा.

रिकामी रेंज तर कुणाच्या ध्यानातच नाही. पायथनमध्ये ५ ते ५ आणि ९ ते ९ समान ठरतात, कारण दोन्हींत काहीच नाही. तुमचा प्रोग्राम तिथे कोलमडतो. सगळ्या रिकाम्या रेंजना एकच रूप द्या.

उद्या फाईलच्या पहिल्या ओळीत लिहून आणा: शेवटचा आकडा धरला की सोडला. ती ओळ नसेल तर पुढचं मी वाचणार नाही.