पेरण्याचे स्वातंत्र्य

महाराष्ट्रात व्यक्तिस्वातंत्र्यवादी अर्थविचाराची खरी शाळा भरली ती चाकणच्या कांदा बाजारात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून शरद जोशी भारतात परतले आणि १९७७ साली चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. शेती तोट्यात का जाते हे त्यांना स्वतःच्या वहीत मांडून पाहायचे होते. त्या वहीत त्यांना भेटली ती उलटी पट्टी. शेतकरी माल बाजारात पाठवतो, विक्रीच्या रकमेतून वाहतूक, हमाली, तोलाई, अडत वजा होते आणि हिशेब संपल्यावर शेतकऱ्याच्याच नावावर देणे निघते. माल दिला आणि वर पैसेही द्यायचे! ही पट्टी ज्याने हातात धरली आहे, त्याला बाजार, सरकार आणि आपण यांचे नाते काय, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर देशात आधीच दिले गेले होते. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजगोपालाचारी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. परवाना-परमिट राज्याला विरोध आणि मालमत्तेच्या हक्काचे रक्षण हा त्याचा गाभा. १९६७ मध्ये लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. मुंबईत रणछोडदास लोटवाला यांच्या आश्रयाने ‘द इंडियन लिबर्टेरियन’ नावाचे इंग्रजी नियतकालिक निघत असे. पण संस्थानिक, उद्योजक आणि इंग्रजी वाचणारे शहरी लोक यांच्यापलीकडे हा विचार महाराष्ट्रात फारसा रुजला नाही. साखर कारखाने आणि सहकारी बँका यांनी बांधलेल्या ग्रामीण महाराष्ट्रात ‘सरकारने बाजूला व्हावे’ असे म्हणणारा माणूस शेतकऱ्याचा शत्रूच वाटे.

जोशींनी उभारलेल्या शेतकरी संघटनेने ही समजूत उलटी केली, पण एका दमात नाही. १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनात मागणी होती ती रास्त भावाची. उसाला टनामागे ३०० रुपये मिळावेत म्हणून नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, हजारो शेतकरी तुरुंगात गेले. म्हणजे पहिल्या टप्प्यात तोंड सरकारकडेच होते: भाव द्या. पुढे तीच संघटना म्हणू लागली: भाव देऊ नका, फक्त पाडू नका. टीकाकारांनी याला कोलांटउडी म्हटले. नीट पाहिले तर दोन्हींच्या मुळाशी निरीक्षण एकच होते. कांदा महाग झाला की निर्यातबंदी, धान्य महाग झाले की लेव्ही आणि जिल्हाबंदी, साखर महाग झाली की आयात. भाव पडला तेव्हा मात्र कोणी फिरकत नसे. शेतकऱ्याचे दारिद्र्य निसर्गाने किंवा आळसाने आलेले नसून धोरणाने आणले आहे, हे एकदा पटले की भाव ‘मागण्या’कडून धोरण ‘हटवण्या’कडे जाणे ओघानेच येते.

कापसात हे सगळ्यात उघड दिसले. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका. प्रत्यक्षात संकलन केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडर ठरवील ती प्रत आणि हप्त्याहप्त्याने चुकारा. शेजारच्या राज्यात चढा भाव असला तर विदर्भातला शेतकरी रात्री गाडी सीमेपलीकडे काढी आणि पकडला गेला तर स्वतः पिकवलेल्या कापसाचा तस्कर ठरे. डिसेंबर १९८६ मध्ये कापूस आंदोलनात सुरेगावला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी बळी पडले. आपल्या घामाचा माल कोणाला विकायचा हे ठरवण्याचा हक्क ही काही पुस्तकी गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि स्वातंत्र्याचा विचार घराच्या उंबऱ्याच्या आत आला. शेतकरी लुटला जातो हे खरे, पण त्याच्या घरात राबणारी बाई कोणाकडून लुटली जाते? पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा होता. ज्या गावात शंभर जणींच्या नावे सातबारा होई ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. कायद्याची सक्ती नाही, सरकारी अनुदान नाही. व्यक्तीचा हक्क कायद्याच्या कलमाइतकाच माणसाच्या मनाच्या तयारीवर उभा असतो, हे या मोहिमेइतके स्पष्टपणे फार कमी चळवळींनी दाखवले. जगभरचे बहुतेक व्यक्तिस्वातंत्र्यवादी घराच्या दाराशी थांबतात. हे लोक थांबले नाहीत, याची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

१९९० नंतर जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाने देशातल्या शेतकरी चळवळीचे उभे दोन भाग केले. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने बंगळूरमधल्या कारगिल कंपनीच्या कार्यालयावर डिसेंबर १९९२ मध्ये हल्ला केला आणि पुढे १९९८ मध्ये मोन्सँटोच्या चाचणीचे कापूस-प्लॉट उपटून जाळले. बियाणे परकीय कंपनीच्या हाती गेले की शेतकरी गुलाम होतो, ही त्यांची भूमिका. जोशींनी नेमकी उलट बाजू घेतली. खुल्या व्यापाराच्या वाटाघाटींसाठी शेतीला मिळणाऱ्या अनुदानाचा हिशेब मांडावा लागला, तेव्हा भारतीय शेतकऱ्याला मिळणारे अनुदान शून्याखाली निघते, म्हणजे तो सरकारकडून घेतो त्याहून जास्त त्याच्याकडून काढून घेतले जाते, असे त्यांनी दाखवले. ‘उणे सबसिडी’ हा शब्द तेव्हापासून संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसला. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला, त्याच्या नावातच राजगोपालाचारींच्या पक्षाची आठवण होती. बाजारपेठेचे स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य ही जोडघोषणा या काळात पक्की झाली.

निवडणुकीत पक्षाला यश आले नाही, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जोशी २००४ ते २०१० राज्यसभेत होते. प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादावर निष्ठेची शपथ घ्यायला लावणारी तरतूद निवडणूक कायद्यातून काढावी असे विधेयक त्यांनी मांडले. मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाले, त्यातले ते एक मत त्यांचे. फिरत्या राखीव मतदारसंघांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. चांदवडचे अधिवेशन भरवणाऱ्या माणसाने हे मत देणे अनेकांना पटले नाही, पण एकट्याने विरोधी मत देण्याचे धैर्य त्या सभागृहात विरळाच दिसते.

तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची परीक्षा २००१ साली गुजरातच्या शेतात झाली. बोंडअळीने त्या वर्षी कापूस फस्त केला, फक्त ‘नवभारत १५१’ नावाच्या वाणाची पऱ्हाटी बोंडांनी लगडून उभी होती. तपासणीत कळले की त्यात बीटी जनुक आहे, म्हणजे मातीतल्या एका जिवाणूचे असे जनुक, ज्यामुळे झाड बोंडअळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करते. या वाणाला सरकारची मान्यता नव्हती. केंद्राच्या समितीने उभे पीक नष्ट करण्याचा आदेश दिला. शेतकऱ्यांनी नकार दिला, जोशी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पीक जाळणे सरकारला जमले नाही. पुढच्या मार्चमध्ये बीटी कापसाला अधिकृत परवानगी मिळाली, जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना. परवानगी देण्याआधीच शेतकऱ्याने निर्णय घेऊन टाकला होता. देशातले कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. त्यात गुजरातचे सिंचन, चांगला पाऊस, नवी संकरित वाणे यांचाही वाटा आहे, आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेताला त्यातले फार थोडे मिळाले. तरीही कापूस पिकवणारा देश बीटीपूर्व वाणांकडे परत गेला नाही, ही वस्तुस्थिती आहे.

इथपर्यंतची गोष्ट स्वातंत्र्याच्या बाजूची. पुढची अवघड आहे, आणि तीही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची आणखी एक छोटी पुडी मिळत असे. त्यात साधी, बिगरबीटी सरकी. ती शेताच्या कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांतले जास्त असेल तेवढ्यावर लावायची. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, बीटीला पचवणाऱ्या अळ्यांशी त्यांचा संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरू नये, अशी ही योजना. असंख्य शेतकऱ्यांनी ती पुडी बांधावर फेकली किंवा गुरांना घातली. पाच ओळी अळीला का द्यायच्या? एकेकट्याच्या हिशेबाने ते बरोबरच होते. त्यात भर पडली फरदडीची. मोसम संपल्यावरही पाणी देऊन कापूस उभा ठेवला की गुलाबी बोंडअळीला बारमाही अन्न मिळते. २०१७ मध्ये दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ वरही गुलाबी बोंडअळी महाराष्ट्रभर तुटून पडली. ज्याने पुडीतली प्रत्येक सरकी नेमाने लावली होती, त्याचीही बोंडे आतून किडली. अळी सातबारा वाचत नाही. माझ्या शेतात मी काय करतो त्याचे परिणाम बांध ओलांडून जातात, या साध्या गोष्टीपाशी व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार नेहमी अडखळतो, आणि शेतकरी संघटनेच्या मांडणीतही या प्रश्नाला मिळायला हवी ती जागा कधी मिळाली नाही.

याचे उत्तर बंदी, असे मानणाऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणाऱ्या एचटीबीटी कापसाची हकिकत पाहावी. या वाणाच्या मान्यतेचा अर्ज महिको कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. बियाणे मात्र बाजारात आले, आणि दरवर्षी येते. गावात त्याला चोरबीटी म्हणतात. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर गावात शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे पेरले. तेव्हाच्या पर्यावरण कायद्यानुसार यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. काही शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले, पेरणी काही थांबली नाही.

शेतकरी हा धोका का पत्करतो, ते निंदणीच्या दिवसांत कळते. पावसाची झड लागली की डवरणी होत नाही, तण पिकाच्या वर जाते आणि एकाच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर हवे असतात. निंदायला बहुतेक बायाच असतात, दिवसभर ओल्या मातीत उकिडव्या बसून. तणनाशकाने त्यांचे कष्ट वाचतील हे खरे, आणि भूमिहीन घरातली त्या हंगामाची मजुरी जाईल हेही खरे. पेरण्याचे स्वातंत्र्य मागताना या बाईचा हिशेब मांडलाच पाहिजे. लक्ष्मीमुक्तीची चळवळ उभारणाऱ्यांना तो मांडता येणार नाही असे नाही.

पण चोरबीटीचा सगळ्यात मोठा तोटा शेतकऱ्यालाच होतो. पाकिटावर कंपनीचा खरा पत्ता नाही, लॉट नंबर विश्वासाचा नाही, पक्के बिल नाही. बियाणे उगवलेच नाही तर कृषी अधिकाऱ्याकडे पंचनाम्याचा अर्ज करायला तोंड नाही आणि ग्राहक आयोगात जायला कागद नाही. बंदीने तंत्रज्ञान थांबले नाही, फक्त शेतकऱ्याच्या हातातली पावती काढून घेतली.

दुसरीकडे सरकारने बियाण्यांचे भावही ताब्यात घेतले. डिसेंबर २०१५ च्या आदेशानंतर बोलगार्ड-२ च्या पाकिटाची किंमत ८०० रुपये ठरली. शेतकऱ्याला स्वस्त बियाणे मिळाले, पण कापसात नवे अधिकृत जनुक तंत्रज्ञान त्यानंतर आलेले नाही. कांद्याचा भाव पाडलेला ज्यांना खुपतो, त्यांनी बियाण्याचा भाव पाडल्याचाही विचार करायला हवा. बौद्धिक संपदेवर मात्र या विचाराच्या लोकांतही एकमत नाही. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. तरी २०१९ मध्ये पेप्सिकोने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. संशोधकाची मालकी आणि शेतकऱ्याचा हक्क यांत तोल कुठे साधायचा, हे अजून ठरायचे आहे.

बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. बांगलादेशने तेच तंत्रज्ञान २०१३ मध्ये मान्य केले, तिथले शेतकरी ती वांगी पिकवून विकतात. जनुकीय मोहरीवर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी जुलै २०२४ मध्ये परस्परविरोधी निकाल दिले. चाचण्या घेऊन ‘नाही’ म्हणण्याचा सरकारला अधिकार आहे. चाचण्याच न घेता वर्षानुवर्षे गप्प बसण्याचा नाही. एचटीबीटीची सरकारी देखरेखीखाली शेतात चाचणी व्हावी, निष्कर्ष मराठीत छापून गावोगाव लागावेत आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असा कारणांसह निर्णय पुढच्या पेरणीआधी यावा. निर्णय ‘हो’ असेल तर बिल, लॉट नंबर आणि नुकसानभरपाईची हमी यांच्यासह. शेतकरी संघटनांनी त्याच्या जोडीला गावपातळीवर फरदड मोडण्याची आणि बिगरबीटी आश्रय ओळी लावण्याची शिस्त स्वतःहून घालून घ्यावी. पेरण्याचा हक्क मागणाऱ्यांनी ही अर्धी जबाबदारी सरकारवर सोडू नये.