कॅमेऱ्यासमोरची साडी

हल्ली घरगुती उद्योग करणाऱ्या बाईला एक ना एक दिवस मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहावंच लागतं. पापड असोत, शेंगाचटणी असो की शिवलेले ब्लाऊज, दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ओळखीपाळखीत पाठवल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. मग काय बोलायचं हे ठरायच्या आधीच प्रश्न येतो, नेसायचं काय? वरवर हा हौसेचा प्रश्न. मला मात्र तो धर्माचा वाटतो. बसदीतल्या पूजेच्या धर्माचा नव्हे; रोज कसं वागायचं, त्या धर्माचा.

व्हिडिओ काढणारी पोरं आपल्याला काही गोष्टी सांगतात. बारीक चौकडीची साडी पडद्यावर थरथरल्यासारखी दिसते, चकचकीत कापड उजेड परत फेकतं, बांगड्या माइकजवळ खळखळतात. हे ऐकावं, त्यात वाद घालू नये. वाद आहे तो पुढे.

कपडा बोलतो, हे जाहिरातवाल्यांना फार पूर्वी कळलं. निरमाची मुलगी पांढऱ्या फ्रॉकात गिरकी घेते, तेव्हा पावडर चांगली आहे हे तो फ्रॉकच सांगतो. लिज्जत पापडाची गोष्ट वेगळी. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पण टीव्हीवर आला तो रामदास पाध्यांचा बोलका ससा. सशाला साडीची चिंता नाही! आपल्याकडे ससा नाही, आपल्यालाच उभं राहायचंय.

कपडा बोलत असेल, तर सत्याचं अणुव्रत कपड्यालाही लागू होतं. जरीकाठी साडी, हातभर बांगड्या आणि गजरा माळून एखादी बाई पापड लाटताना दिसली, तर मला विचारावंसं वाटतं, “अगो, अशीच लाटतेस काय रोज?” अन्नसुरक्षेचे 2011 चे नियमही सांगतात, की अन्न हाताळणाऱ्याने डोकं झाकावं, अंगावर दागिने नसावेत. नियम पाळून केलेला पापड नियम मोडून केल्यासारखा दाखवायचा, हे तर उलटंच झालं.

पण म्हणून नटणं खोटं का? तसं नाही. ‘या, आमचा माल घ्या’ असं म्हणताना मी पाहुण्यांचं स्वागत करते. तेव्हा चांगलं नेसणं ही रीत आहे. ‘आम्ही असं बनवतो’ हे दाखवताना मी साक्ष देते. तिथे जसं आहे तसंच दिसायला हवं. स्वागताला वेगळी साडी, साक्षीला वेगळी. एवढा फरक केला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

राहिला निम्मा, तो रेशमाचा. कोशातला धागा अखंड मिळावा म्हणून पतंग बाहेर पडण्याआधीच आतला जीव वाफेवर किंवा उकळत्या पाण्यात मारतात. एका साडीला असे हजारो कोश लागतात. आपल्यातल्या पुष्कळजणी हे ओळखून रेशीम नेसत नाहीत. पुष्कळजणी लग्नाकार्यात नेसतात आणि विषय टाळतात. टाळणाऱ्यांचं म्हणणं असतं, कापसावर फवारणी होते, तिथे अळ्या मरत नाहीत काय? मरतात. पण आपल्या शास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले, ते उगाच नाही. शेती करताना जीव जातो, तो जावा अशी इच्छा नसते. मारण्यासाठीच जीव वाढवायचा, ही गोष्ट निराळी. दोन्हींत हिंसा आहे, पण दोन्ही सारख्या नाहीत.

दुसरं म्हणणं जास्त अवघड आहे. “आजीचा शालू आहे, साठ वर्षांपूर्वीचा. मी नेसले म्हणून आज नवा किडा मरणार आहे थोडाच?” घरात नेसलात, तर खरंच नाही. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदना अशा तीन वाटा सांगितल्या आहेत. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, की केलेल्याला मान डोलावली. व्हिडिओत शालूचं वय दिसत नाही, त्याचा झगझगाट दिसतो. पाहणारी पापडाचा भाव विचारण्याआधी साडीचं दुकान विचारते. म्हणजे जाहिरात पापडाची आणि मान डोलावली रेशमाला. कपाटातला शालू आणि कॅमेऱ्यातला शालू, हे दोन वेगळे शालू आहेत, असं मला वाटतं.

हैदराबादच्या कुसुमा राजय्यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांतून सूत काढून अहिंसा रेशीम विणायचा मार्ग दाखवला. चमक थोडी कमी, किंमत जास्त. वाट आहे, पण सगळ्यांच्या ऐपतीतली नाही.

आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळात हाच विषय निघाला, तेव्हा एकीने तावातावाने सांगितलं, “रेशीम नेसून कुणीही यायचं नाही, हिंसा आहे ती.” कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी अक्का हळूच म्हणाली, “माझ्याकडं धड साडी एकच, ती पण लग्नातली. जन्मात फोटो निघाला तो त्याच साडीत. बाकीच्या सगळ्या राबायच्या.” कुणीच बोललं नाही. मला वाटतं, त्या खोलीत त्या क्षणी सर्वांत मोठी हिंसा रेशमाची नव्हती.

मग कुणी म्हणालं, सगळ्यांना एकसारख्या नव्या साड्या घेऊ. म्हणजे अजून माल खपला नाही आणि खर्चाला सुरुवात. शिवाय एका दिवसासाठी घेतलेली साडी हासुद्धा परिग्रहच. शेवटी ठरलं ते अगदी साधं. प्रत्येकीने आपली वापरातली सुती साडी धुऊन इस्त्री करून नेसायची, वर एप्रन आणि टोपी. अक्कांच्या साडीला इस्त्री करायला दोघी आधीच पुढे आल्या. लग्नातल्या साडीतला त्यांचा फोटो मात्र वेगळा काढायचा, विक्रीसाठी नव्हे, त्यांच्या घरी लावण्यासाठी.

यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला. रेशमाचा नियम स्वतःला लावताना कडक असावा, दुसरीला सांगताना तो मऊ व्हावा. अनेकान्त म्हणजे ‘तुझंही बरोबर, माझंही बरोबर’ म्हणून सुटका करून घेणं नव्हे. समोरची जिथे उभी आहे तिथून गोष्ट कशी दिसते, ते आधी पाहायचं, मगच बोलायचं.

तेव्हा मैत्रिणींनो, व्हिडिओच्या आदल्या रात्री कपाट उघडाल, तेव्हा रंगाच्या आधी तीन गोष्टी विचारा. ही साडी माझ्या कामाविषयी खरं सांगते का? तिच्यामुळे मी कशाला मान डोलावते? आणि माझ्या शेजारी उभी राहणारी तिच्यामुळे लहान तर दिसणार नाही ना? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मग रंग खुशाल हवा तो निवडा. फक्त बारीक चौकडी नको.