लसीची नोंद आणि चौथे ऋण

भारतात जन्मलेल्या बालकाला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमानुसार जन्मतःच बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस-बीची पहिली मात्रा दिली जाते. ६, १० आणि १४ आठवड्यांचे असताना त्याला पेंटाव्हॅलेंट व सोबतच्या इतर लसी मिळतात, ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा दिली जाते. यांतील प्रत्येक मात्रा आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर, परिचारिकेच्या नोंदवहीत आणि आता यू-विन या शासकीय संगणकीय प्रणालीतही नोंदवली जाते. लस द्यावी की न द्यावी यावर पुष्कळ वाद झाले आहेत. नोंद मात्र कारकुनी बाब समजली गेल्याने नीतिविचाराने तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही. वस्तुतः मूल बोलू लागण्याआधीच त्याच्या देहावर झालेली क्रिया त्याच्या नावानिशी राज्यसंस्थेला कळवली जाते, तेव्हा कोण कोणाचे काय देणे लागतो, हा धर्मविचारातला फार जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

नोंदीला असलेला आक्षेप हलका नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले, आणि २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल खटल्याच्या निकालात न्यायालयाने, कोविडच्या संदर्भात, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगताना व्यक्तीचा स्वतःच्या देहावरील अधिकार हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. देह ज्याचा त्याचा असेल, तर देहाविषयीची माहितीही त्याचीच असायला हवी. पण बालकाच्या बाबतीत हा युक्तिवाद अडतो, कारण त्याच्या वतीने बोलणारे आईबाप त्याचे मालक नसून विश्वस्त असतात, म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी सोपवलेली गोष्ट सांभाळणारे असतात. आणि विश्वस्ताला हिशेब गुप्त ठेवण्याचा अधिकार मालकाइतका अमर्याद नसतो.

भारतीय परंपरेत या नात्याचा विचार ऋणाच्या कल्पनेतून झाला आहे. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सर्वपरिचित आहेत; शतपथ ब्राह्मणात मात्र मनुष्य जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले असून, चौथे ऋण इतर माणसांचे आहे आणि ते त्यांना आसरा व अन्न देऊन फेडायचे आहे. नवजात बालकाला हे ऋण अक्षरशः लागू पडते. नेहमीच्या वेळापत्रकात पहिले ९ महिने त्याला गोवराची लस मिळत नाही, आणि आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी झुंजणारी रक्तातील द्रव्ये, हळूहळू ओसरत जातात. या काळात ते सुरक्षित राहते ते मुख्यतः आसपासच्या मुलांनी लस घेतलेली असल्यामुळे, ज्याला सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात. फेडण्याची ताकद येण्याआधीच त्याने शेजाऱ्यांकडून घेतलेले असते, आणि वर्षभरात तेच दुसऱ्या एखाद्या तान्ह्याचा आडोसा होते.

इस्लामी धर्मशास्त्रात याच्याशी जुळणारी एक अत्यंत काटेकोर संकल्पना आहे. फर्ज-ए-किफाया म्हणजे असे कर्तव्य, की जे समाजातील पुरेशा लोकांनी पार पाडले तर सर्वजण त्यातून मुक्त होतात आणि कोणीच पार पाडले नाही तर सर्वजण दोषी ठरतात; मृताच्या अंत्यविधीची नमाज हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तेथे माणसे जमली की नाही हे डोळ्यांना दिसते. गोवराची साथ रोखण्यासाठी साधारण ९५ टक्के मुले दोन्ही मात्रांनी संरक्षित असावी लागतात, आणि हे प्रमाण गाठले की नाही हे गल्लीतून फिरून कोणाला कळत नाही, ते मोजावेच लागते. म्हणून अशा कर्तव्यात मोजणी हा कर्तव्याचाच एक भाग ठरतो: मुलाला लस देऊन ती न कळवणाऱ्या पालकाने त्याला जपले खरे, पण समाज मुक्त झाला की नाही हे समाजाला कळू दिले नाही.

मोजणी नुसत्या बेरजेची असावी, नावे कशाला, असे यावर विचारले जाते. त्याचे उत्तर साथींच्या इतिहासातच आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ पसरली तेव्हा तिचा मोठा भार गोवंडीच्या दाट वस्त्यांनी सोसला. कोविडच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले होते, आणि लस न मिळालेली बालके शहरभर विखुरलेली नव्हती, ती काही ठरावीक वस्त्यांत एकवटलेली होती. शहराची सरासरी समाधानकारक असूनही एखाद्या गल्लीतली निम्मी मुले असंरक्षित असू शकतात. सरासरीला पत्ता नसतो, आणि परिचारिकेला जायचे असते ते एका विशिष्ट दारापर्यंत.

ही नोंद कोणत्या जातीची आहे हे तिच्या साधनांतच दिसते. ग्रामीण उपकेंद्रात कापडाची एक पिशवी टांगलेली असते, तिला ट्रॅकिंग बॅग म्हणतात. तिला वर्षाच्या बारा महिन्यांचे बारा कप्पे असतात, आणि बालकाच्या कार्डाचा फाडून ठेवलेला भाग, म्हणजे काउंटरफॉइल, त्याची पुढची मात्रा ज्या महिन्यात येते त्या महिन्याच्या कप्प्यात सरकवला जातो. सत्राच्या दिवशी मूल आले की कार्डाचा तो भाग पुढच्या महिन्यात जातो. आले नाही तर तो तेथेच राहतो, आणि महिनाअखेरीस कप्प्यात उरलेले कागद हीच आशाताईंची घरभेटींची यादी होते. चित्रगुप्ताची वही केलेल्या कर्मांची असते आणि तिचा शेवट न्यायनिवाड्यात होतो. या पिशवीत झालेल्या गोष्टीपेक्षा व्हायच्या गोष्टीला महत्त्व आहे, आणि उरलेला कागद मुलावर किंवा आईवर काही सिद्ध करत नाही, तो आरोग्ययंत्रणेवरचे देणे दाखवतो. पोलिओ मोहिमेत खडूने घराच्या भिंतीवर लिहिल्या जाणाऱ्या ‘पी’ आणि ‘एक्स’ या अक्षरांचेही तेच होते: ‘एक्स’ म्हणजे या घरातले मूल राहिले आहे, पथकाने पुन्हा यायचे आहे. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळलेला रुग्ण हा देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा ठरला, त्यामागे लसीइतकेच हे पुन्हा पुन्हा परत जाणे होते. नोंदीत ऋणको म्हणून शासन उभे असेल तोवरच ती मागण्याचा त्याला नैतिक अधिकार आहे, हे येथे ठामपणे म्हटले पाहिजे.

भूमिका उलटली की तीच नोंद अधर्माचे साधन होते. महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा आहे. सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या माणसाने पाठलाग करणाऱ्या लुटारूंना लपलेल्या लोकांची वाट खरी खरी सांगितली, ते लोक मारले गेले आणि कौशिक पापाचा धनी झाला. माहिती खरी असणे पुरेसे नाही, विचारणाऱ्याचा अधिकार आणि हेतूही पाहावा लागतो, हे त्या कथेचे मर्म नोंदीच्या नीतीला थेट लागू आहे. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने २०११ मध्ये पाकिस्तानातील अबोटाबाद येथे ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचा आडोसा घेतला, आणि लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही हे मे २०१४ मध्ये अमेरिकी प्रशासनाला जाहीर करावे लागले. तोवर पोलिओ कार्यकर्त्यांविषयी आधीच असलेल्या अविश्वासात मोठी भर पडली होती. पुण्यालाही याची ओळख आहे: १८९७ च्या प्लेगमध्ये ब्रिटिश अधिकारी रँडच्या अधिपत्याखाली सैनिक घरांत शिरून रुग्ण शोधू लागले, तेव्हा लोक आपले आजारी माणूस लपवू लागले. म्हणून लसीकरणाची नोंद पोलिसांना, नागरिकत्व तपासणाऱ्यांना किंवा व्यापाऱ्यांना उपलब्ध होता कामा नये, आणि तसे झाल्यास ती न देण्याचा पालकांचा निर्णय नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरेल.

खोट्या नोंदीचा दोष याहून सूक्ष्म आहे. उद्दिष्ट पूर्ण दिसावे म्हणून न दिलेल्या मात्रेपुढे केलेली खूण कोणाला लुटत नाही, कोणाचे थेट नुकसान करत नाही असे वाटते. पण त्या खुणेने त्या मुलाचा कागद कप्प्यातून उचलला जातो आणि त्याच्याकडे परत जाण्याचे कारणच पुसले जाते. नकार आणि लसीनंतर उद्भवलेले दुष्परिणामही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिले गेले पाहिजेत. पुलियेल निकालानेही दुष्परिणाम कळवण्याची व्यवस्था लोकांसाठी सुलभ करण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते, कारण यंत्रणा स्वतःविरुद्धचे लिहीत नसेल तर तिने इतरांविषयी लिहिलेल्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा?

ज्यांची नोंदच होत नाही त्यांचा प्रश्न महाराष्ट्रात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास उभा राहतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि गाळप हंगामाच्या पाचसहा महिन्यांत तान्ह्या मुलाच्या ६, १० व १४ आठवड्यांच्या मात्रा सहज येऊन जातात. गावच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो, कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कुटुंबांच्या झोपड्यांवर, त्याचे नाव लिहिणारे अनेकदा कोणी नसते, आणि आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात. यू-विनमुळे पुढची मात्रा देशात कोठेही घेता येते. पण ते मूल कोपीत आहे हे आधी कोणाला तरी कळावे लागते. आलेल्याला आसरा देण्याचे जे ऋण शतपथाने सांगितले, ते अशा वेळी कारखान्याच्या हद्दीतील आरोग्य केंद्राकडे येते: हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात तळावर जाऊन, मूल तेथे मार्चपर्यंतच राहणार असले तरी, त्याचे नाव, वय आणि राहिलेली मात्रा लिहून घेणे हे त्या केंद्राचे काम आहे, आईने कार्ड शोधून केंद्रापर्यंत येण्याची वाट पाहणे नव्हे.