उलंगवाडीनंतरचे महिने

संथ आणि साध्या जगण्याचा विचार आज बहुधा शहरात मांडला जातो आणि तेथे त्याचा अर्थ कामाचे तास कमी करणे, गरजा आटोपत्या घेणे, घड्याळाचा धाक सैल करणे असा होतो. परंतु यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो, कारण तेथे वेळ एकट्या माणसाच्या मालकीचा नसून पाऊस, पीक, जनावरे आणि कर्ज यांच्यात वाटला गेलेला असतो.

जुन्या कोरडवाहू शेतीत कापसाच्या हंगामाला ठळक शेवट होता. शेवटची वेचणी आटोपली की उलंगवाडी होई, म्हणजे शेत मोकळे सोडले जाई. उरल्यासुरल्या पाल्यावर गुरे-शेळ्या चरत, वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी घरी आणल्या जात आणि पुढच्या पावसापर्यंत जमीन उन्हात तापत पडे. गुढीपाडव्याला सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचे, नवे साल सुरू होई. या दिवसांना सुखाचे दिवस म्हणणे खोटे ठरेल, कारण रोजमजुरावर त्याच दिवसांत हात रिकामे राहण्याची पाळी येई. तरीही जमिनीला मिळणारा विसावा खरा होता आणि पुढच्या पिकाची भिस्त त्यावर होती.

हा विसावा आता फरदडीने खाल्ला आहे. फरदड म्हणजे मुख्य वेचण्या संपल्यावरही पाणी आणि खत देऊन तीच पऱ्हाटी पुढे चालू ठेवणे. मार्चअखेरची परतफेड डोक्यावर असलेल्या कुटुंबाला हातचा वाढीव कापूस सोडवत नाही, त्यामुळे याला हाव म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. मात्र गुलाबी बोंडअळीला त्यातून अखंड अन्न मिळते. शेतात कापूसच नसेल तर तिची साखळी तुटते, आणि म्हणूनच कृषी विभाग फरदड घेऊ नका असे सांगत आला आहे. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसाला ही अळी पुढे जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात तिने विदर्भातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान केले. त्याच हंगामात डोक्यापेक्षा उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दोन आपत्तींचे कारण एकच नव्हते. पण पिकाकडून थोडे अधिक, थोडे आणखी काढून घेण्याची सक्ती दोन्हींच्या मुळाशी होती.

याच जिल्ह्यातील छोटी गुजरी येथील सुभाष शर्मा यांनी १९९० च्या दशकात रासायनिक खते व कीटकनाशके सोडली आणि गाय, झाडे, बांधावर अडवलेले पाणी व मिश्र पिके यांवर शेती उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. झाड वाढायला आणि मातीत सेंद्रिय अंश परतायला वर्षे लागतात, म्हणून अशा शेतीत पहिली गुंतवणूक पैशाची नसते, धीराची असते. साधेपणा येथे त्यागातून येत नाही. बाजारातून विकत आणायच्या वस्तू कमी झाल्या की तो आपोआप येतो, आणि हेच त्याचे सर्वांत भक्कम रूप आहे. पण धीर धरायलाही घरात वर्षभराची ज्वारी आणि तूरडाळ लागते. ज्याचे घर एका हंगामाच्या तुटीने कोसळू शकते, त्याला संथ जगण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा उन्हाळ्यातील रिकाम्या हातांना काम देणे ही शासनाची जबाबदारी ठरली. उलंगवाडीनंतरच्या महिन्यांत बांधबंदिस्तीचे आणि तळी खोदण्याचे काम गावातच मिळाले, मजुरी वेळेवर हाती पडली आणि कर्जफेडीची मुदत पिकाच्या चालीने ठरली, तर फरदड सोडून शेत मोकळे करणे कोरडवाहू शेतकऱ्यालाही परवडेल. ती व्यवस्था आधी झाली पाहिजे.