शोक आणि शेजार



मागच्या एकादशीस कीर्तन आटोपून आम्ही मंडपाबाहेर येत होतो. एक बाई पाया पडल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "महाराज, सासूबाई गेल्यापासून आमचे मामंजी कोणाशी धड बोलत नाहीत. येईल-जाईल त्याच्या अंगावर जातात. त्यांना काय सांगावं? एखादी ओवी द्या, एखादा दृष्टांत द्या." खरे म्हणजे अशा प्रसंगासाठी आमच्यापाशी दृष्टांतांची झोळी भरलेली असते. पण त्या वेळी एकही तोंडाशी येईना. सासवडची एक आळी आणि तिथले एक कुलूप लावलेले दार तेवढे डोळ्यांपुढे उभे राहिले. "मासिकातून सविस्तर लिहू," असे सांगून आम्ही त्यांचा निरोप घेतला. त्या बाई हे मासिक वाचतात. म्हणून हा प्रपंच.

आमच्या पुणे जिल्ह्यात दशक्रियेच्या दिवशी घाटावर प्रवचन ठेवण्याची रीत आहे. ती सेवा आम्ही तीस-पस्तीस वर्षे करीत आलो आहो. देह नाशवंत, आत्मा अविनाशी, हे आम्ही सांगावे. मग गावपुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणे व्हावीत. पिंडाला कावळा शिवला की मंडळींनी गाड्यांकडे वळावे. नुकतेच डोके भादरलेला जो माणूस समोर बसलेला असतो त्याच्या कानात यातले किती उतरले, हे आम्ही कधी विचारले नाही. विचारायला सवडही नसते, दुसऱ्या घाटावर साडेनऊची वेळ दिलेली असते!

सासवडच्या त्या गृहस्थांचे नाव येथे सांगत नाही. आळीत त्यांना तात्या म्हणतात. एस.टी.च्या डेपोत फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मुलगी लांब सासरी. मूळचाच स्वभाव तिखट. काकू होत्या तोवर त्या तिखटावर तूप पडत असे, एवढेच. परभणीकडची एक दिंडी बावीस वर्षे त्यांच्या अंगणात उतरत आली होती. माउलींची पालखी पुण्याहून निघते, दिवे घाट चढते आणि सासवडला येते. तो मोठा टप्पा. वारकरी दमून भागून आलेला असतो. काकूंनी चूल पेटवावी, पिठल्याचे पातेले चढवावे, आणि तात्यांनी दारात उभे राहून ओरडावे, "चपला ओळीनं लावा! ही काय धर्मशाळा आहे?" दिंडीतल्या पोराटोरांना ते वाक्य पाठ झाले होते. ते ऐकले की सासवड आले.

2020 साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. 2021 मध्येही तेच. त्या 2021 च्या एप्रिलात काकू गेल्या. दवाखान्यात नेले तेव्हा चालत गेल्या होत्या. तात्यांना पुढे आत जाऊ दिले नाही, आणि शेवटी लांबूनच हात जोडायला सांगितले. घरातून एक माणूस गेले, पण ते गेलेले कोणी पाहिले नाही, असा तो मृत्यू. त्या वर्षी असे किती घरांत झाले ते वाचकांस ठाऊक आहे.

आम्हांस कळले तेव्हा पावसाळा लागला होता. जुना परिचय, आमच्या चातुर्मासातल्या कीर्तनांना काकू नेमाने येत; समाचारास जाणे कर्तव्यच होते. गेलो, बसलो आणि सवयीप्रमाणे बोलू लागलो. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुराने धृतराष्ट्राला सांगितलेला विहिरीचा दृष्टांत काढला. एक ब्राह्मण घोर अरण्यात शिरतो, पळता पळता वेलींनी झाकलेल्या विहिरीत पडतो, आणि देठाला फणस लोंबावा तसा वेलींत अडकून खाली डोके वर पाय लोंबत राहतो. तळाशी महासर्प, काठावर सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती, झाड कुरतडणारे काळे-पांढरे उंदीर, आणि वरून गळणारी मधाची धार. आम्ही मधापर्यंत आलो होतो. तात्या उठले आणि म्हणाले, "बुवा, तुमची बायको घरी आहे ना?"

"आहे."

"मग घरी जा. तिला सांगा ही गोष्ट."

दार लागले. आम्ही छत्री उघडायचेही विसरलो.

पहिला विचार आला तो खोटा कशाला सांगावा? वाटले, हा माणूस उर्मट आहे, याला अधिकार नाही. विद्येचा अहंकार असा ऐन वेळी वर येतो. घरी आल्यावर मात्र पोथी काढली. विदुराचा उपदेश संपल्यावर पुढे काय होते, ते पाठशाळेत वाचले होते, पण मनात धरले नव्हते. संसार म्हणजे काय, काळ म्हणजे काय, सारे सारे विदुराने त्या आंधळ्या म्हाताऱ्याला समजावले. पाठोपाठ व्यासांनीही समजावले. आणि एवढे ऐकून झाल्यावर धृतराष्ट्राने काय केले? भीमाला भेटायचे म्हणून हात पसरले. भगवंताने त्याचे मन ओळखून लोखंडाचा भीम पुढे सारला. म्हाताऱ्याने तो कवटाळून चुरून टाकला आणि रक्त ओकत खाली कोसळला. शंभर पुत्र गेल्याचा शोक तो. विदुरासारखा वक्ता आणि व्यासांसारखा वक्ता, तरी तो शब्दांनी हलला नाही. मग आमची काय कथा!

तो धृतराष्ट्र पुढे पंधरा वर्षे पांडवांच्याच घरी राहिला, हे आश्रमवासिक पर्वात आहे. धर्मराजाने भावांना ताकीद दिली होती की, म्हाताऱ्याच्या मनाला लागेल असे कोणी बोलायचे नाही. कुंती गांधारीची सेवा करी. ज्यांच्यावर लोखंड चुरण्याइतका राग होता, त्यांच्याच हातचे अन्न, त्यांचीच विचारपूस, रोज, पंधरा वर्षे. त्यात भीमाने अधूनमधून टोचून बोलावे, हेही व्यासांनी लपविले नाही. घर म्हटले की एक भीम असायचाच. पण धृतराष्ट्र वनात जायला निघाला तेव्हा धर्मराजाला सोडताना त्याला जड गेले. ज्याला आलिंगन देऊन मारायचे होते, त्यांच्याच घरात तो माणसात आला.

आता आळीकडे वळू.

तात्यांच्या भिंतीला लागून एका वहिनींची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या आवाजावरून तात्यांनी त्यांच्याशी किती वेळा भांडण काढले असेल, त्याला गणती नाही. काकू गेल्यावर वहिनींनी महिनाभर डबा पाठविला, तो झाकणही न उघडता परत येई. समोर गाद्या-रजया भरणारे पिंजारी चाचा राहतात. त्यांची बायको जाऊनही वर्षे लोटली. चाचांनी समाचाराचा शब्द काढला नाही. ते रोज संध्याकाळी दाभण आणि दोरा घेऊन येत आणि म्हणत, "तात्या, एवढा ओवून द्या. डोळे गेले माझे." तात्या दोन शिव्या देत आणि ओवून देत. पुढे चाचा कट्ट्यावर बसूनच रजई शिवू लागले, म्हणजे दोरा संपला की हाक मारायला नको. तात्यांच्या घरात दिवसातून कोणी आवाज ऐकत असेल, तर तो या शिव्यांचा.

जून 2022 मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली. परभणीच्या विणेकऱ्यांचा फोन आला, तेव्हा तात्यांनी एवढेच सांगितले, "यंदा येऊ नका. घर बंद आहे." कारण काय ते सांगितले नाही.

ज्येष्ठ वद्य दशमीच्या संध्याकाळी वहिनींच्या गिरणीचे बेअरिंग गेले. दुसऱ्या दिवशी एकादशीस पालखी येणार, बारशीला पारणे. आळीतल्या घराघरांतून ज्वारीचे डबे येऊन पडलेले. ज्वारीचे पीठ आधी दळून ठेवता येत नाही, विरी जाते आणि भाकरी थापता थापता तुटते, हे माताभगिनींस सांगायला नको. मिस्त्री पुण्यात अडकलेला. वहिनी तात्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनीच आम्हांला सांगितले, "महाराज, मला वाटलं, आता हे मला मारतात. मी म्हटलं, तात्या, शंभर माणसाची भाकरी अडलीय, तुमच्याबिगर इलाज नाही." तात्या म्हणाले, "सहा महिने सांगतोय, ती गिरणी घरघर करतेय, ऐकलंस का?" आणि हत्यारांची पेटी घेऊन बाहेर आले.

म्हणजे भांडण आवाजाचे होते, आणि फिटरचे कान खरे बोलत होते!

रात्री दीडपर्यंत ते काम चालले. चाचांनी बॅटरी धरली. "डोळे गेलेला माणूस उजेड बरोबर जागी कसा पाडतो?" असे तात्यांनी विचारले, तेव्हा पोराने सांगून टाकले की, चाचांचा मोतीबिंदू काढून दोन वर्षे झाली आहेत. त्यावर काय बोलणे झाले ते वहिनींनी आम्हांला सांगितले नाही. सांगण्याजोगे नसावे. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गिरणी चालू होती आणि तात्या तिच्यापाशी स्टूल टाकून बसले होते, बेअरिंग तापते का ते हात लावून पाहत.

त्या दिवशी आम्ही पालखीबरोबर होतो. संध्याकाळी आळीत शिरलो, तो परभणीची दिंडी तात्यांच्या कुलूप लावलेल्या दारापुढे उभी. उतरायची सोय त्यांनी दुसरीकडे केली होती. पण बावीस वर्षांची पायरी, तिला हात लावल्यावाचून पुढे कसे जावे? विणेकऱ्यांनी पायरीला हात लावून कपाळाला लावला, आणि मंडळी तिथेच रस्त्याच्या कडेला हरिपाठास उभी राहिली. टाळ ऐकून तात्या गिरणीतून बाहेर आले. अंगभर पीठ, भुवया पांढऱ्या. दिंडीतली एक म्हातारी पुढे झाली आणि तिने त्यांच्या पायावर डोके ठेवले. पाया पडणाऱ्याच्या पाया पडावे, ही आपली वारीची रीत. तात्या क्षणभर तसेच उभे राहिले, मग वाकले. म्हातारीने त्यांना उठवता उठवता विचारले, "आन् माय कुठं हाय?"

कोणालाच ठाऊक नव्हते. फोनवर त्यांनी सांगितलेच नव्हते.

"गेली," तात्या म्हणाले.

म्हातारी मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. स्वतःची बहीण गेल्यासारखी. "दोन साल भाकर खाल्ली नाही गं तुझ्या हातची," असे म्हणून रडू लागली. मग बाया रडू लागल्या. आणि चौदा महिन्यांत ज्यांच्या डोळ्यांतले पाणी आळीने पाहिले नव्हते ते तात्या, त्या म्हातारीशेजारी रस्त्यावर बसून लेकरासारखे रडले. आत्मा अविनाशी आहे, असे कोणी सांगितले नाही. आम्हीही नाही. चाचा आपल्या कट्ट्यावरून उठून आले आणि नुसते जवळ उभे राहिले.

आम्हांला त्या वेळी निवृत्तिनाथांची आठवण झाली. गाव सासवड, कऱ्हेचा काठ, सोपानकाकांची समाधी तिथून चार पावलांवर. 1296 मध्ये कार्तिक वद्यात आळंदीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. मार्गशीर्षात याच सासवडला सोपानकाका गेले. पुढे मुक्ताई गेली. तिन्ही भावंडांचे गुरु निवृत्तिनाथ. ज्या ज्ञानाने माउलींनी गीतेचा अर्थ उलगडला, ते ज्ञान त्यांनीच दिलेले. त्यांना शोक आवरेना, बांध फुटावा तसे ते झाले, असे नामदेवरायांनी समाधीच्या प्रकरणात गाऊन ठेवले आहे. पण "आपण गुरु, आपण ज्ञानी, आपल्याला हे शोभते काय?" असे नामदेवराय म्हणाले नाहीत. ते स्वतःच रडत होते. संतमंडळी निवृत्तिनाथांबरोबर आळंदीहून सासवडला चालत आली, आणि पुढे त्र्यंबकेश्वरापर्यंत त्यांनी सोबत सोडली नाही. आपण संतसंगती म्हणतो ती काय असते, यावर आम्ही तासतास बोललो आहो. सोबत चालणे एवढाच तिचा अर्थ त्या प्रसंगी आहे, हे त्या रस्त्यावर उभे असताना आमच्या ध्यानात आले.

तात्यांनी डोळे पुसले. चेहऱ्यावर पिठाचे ओघळ झाले होते. खिशातून किल्ली काढून कुलूप उघडले, आणि मागे वळून, घसा साफ करून ओरडले, "चपला ओळीनं लावा!"

दिंडीतली पोरे हसली. बाया डोळे पुसत आत गेल्या.

आता तात्यांचा स्वभाव निवळला, असे कोणी समजू नये. अजून ते आळीतल्या पोरांचा चेंडू जप्त करतात. संध्याकाळी पाच वाजता मात्र परत देतात. वहिनींच्या गिरणीचे तेलपाणी त्यांच्याकडे आहे, आणि डबा आता रिकामा होऊन जातो; मीठ जास्त पडले तर तसा निरोपही जातो. चाचा दाभण घेऊन येतात, तात्या ओवून देतात. मोतीबिंदूचा विषय दोघेही काढत नाहीत.

मध्यंतरी आम्ही सासवडला गेलो होतो. कट्ट्यावर चहा झाला. तात्या एकाएकी म्हणाले, "बुवा, ती विहिरीची गोष्ट अर्धीच राहिली होती. त्या लोंबणाऱ्या माणसाचं पुढं काय झालं?"

आम्ही म्हणालो, "पुढं काही नाही. तो तसाच लोंबत राहतो. मध चाटतो, आणि जगण्याची आशा सुटत नाही. विदुर तिथंच थांबतो."

तात्या बराच वेळ गप्प होते. मग चाचांकडे पाहून म्हणाले, "दोर घेऊन कोणी आलंच नाही? त्या रानात याला शेजार नव्हता का?"

पाठशाळेत गुरुजींपुढे तो अध्याय आम्ही कितीदा म्हटला असेल. हा प्रश्न कधी सुचला नाही. आम्ही उत्तर जुळवू लागलो, तोच वहिनींनी गिरणी सुरू केली आणि पुढचे काही कोणाला ऐकू आले नाही.